पथ्य आणि पंगत

'पथ्य' हा शब्द मराठी घरांत आज बहुधा नकाराच्या रूपाने वावरतो. भात नाही, साखर नाही, तळलेले नाही, अशी जी यादी दवाखान्यातून येते आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली काही दिवस लटकते, तिला पथ्य म्हणण्याची रीत पडली आहे. मुळात हा शब्द 'पथ' म्हणजे वाट यावरून आलेला असून आयुर्वेदात तो शरीराच्या वाटांना मानवणाऱ्या, हितकर अशा अन्नासाठी वापरला जातो. म्हणजे काय टाळावे याइतकेच काय खावे हेही त्यात येते. या शब्दाच्या अगदी समोर उभा राहणारा दुसरा शब्द 'पंगत' हा आहे. पंगत म्हणजे एका ओळीत बसून, एकाच भांड्यातले, एकाच वेळी खाणे. पंगतीत वेगळे मागणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा शिष्ट ठरतो. घरातला बाप चाळिशी ओलांडून नीट खाण्याचा संकल्प करतो तेव्हा तो या दोन शब्दांच्या मध्ये सापडतो. त्याचा संकल्प अनेकदा जिभेच्या ओढीपेक्षा या पेचामुळे मोडतो, आणि तो मोडण्याची कारणे स्वयंपाकघराच्या कारभारात शोधावी लागतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी वर्ध्याला लागून असलेले सावंगी (मेघे) हे गाव निवडण्यास कारण आहे. वर्धा शहराभोवती सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे) अशी कंसातले आडनाव मिरवणारी गावे आहेत, आणि सावंगी त्यांपैकीच एक. १९९० साली येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, आणि कापूस-तुरीच्या शेतांच्या कडेला असलेल्या या गावात वसतिगृहे, खानावळी, औषधांची दुकाने आणि चहा-पोह्यांच्या टपऱ्या यांची वस्ती वाढली. शहराच्या दुसऱ्या अंगाला, सुमारे आठ किलोमीटरवर, सेवाग्राम आहे. नागपूरच्या वाटेवर धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमाचे पवनार आहे. आणि खुद्द वर्धा शहरात मगनवाडी आहे. विसाव्या शतकातील भारतात अन्न म्हणजे काय, ते किती खावे आणि ते कोणी शिजवावे यांविषयी ज्या ठिकाणी सर्वांत हट्टाने प्रयोग झाले ती ही तीन ठिकाणे, आणि ज्या ठिकाणी आज विदर्भातले रुग्ण आपली रक्तातली साखर मोजून घेतात ते रुग्णालय, ही सारी एकाच तालुक्यात आहेत. प्रयोग करणाऱ्या गांधीजींना सारा देश 'बापू' म्हणजे बाप म्हणत होता, ही गोष्ट या लेखाच्या दृष्टीने केवळ योगायोगाची नाही.

आधी आजच्या बापाकडे पाहणे सोयीचे होईल. त्याचा संकल्प बहुधा एका कागदापासून सुरू होतो. त्या कागदावर 'एचबीएवनसी' नावाचा एक आकडा असतो, ज्याला बोलीत 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे ते प्रमाण असून या पेशींचे आयुष्य साधारण चार महिन्यांचे असल्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून हा आकडा फसवता येत नाही. तो ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक भरला तर मधुमेह, आणि ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असला तर मधुमेहाचा उंबरठा, असे धरले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक भारतीय मधुमेही असल्याचे आणि आणखी १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावर असल्याचे अनुमान निघाले. यात फसवी बाब अशी की, यांतले कित्येक पुरुष लठ्ठ दिसत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपल्या दोघांचे एक छायाचित्र छापले. दोघांचाही देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ हा एकच होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. बारीक हातापायांचा आणि पोटापाशी गोलाई आलेला जो मराठी गृहस्थ 'माझे वजन तर तेच आहे' असे म्हणत असतो, त्याला दिलेले हे उत्तर दोन पानांच्या गंभीर निबंधाहून बोलके आहे.

कागद घरी येतो आणि प्रश्न स्वयंपाकघराचा होतो. आहारतक्त्यावर नाव बापाचे असते, सूचना मात्र सगळ्या चुलीला उद्देशून असतात: तेल कमी, मोड आलेली कडधान्ये, रात्री ज्वारीची भाकर, सोबत काकडी-मुळा, भाजीत दाण्याचा कूट बेताचा. या प्रत्येक सूचनेमागे कोणाचा तरी वेळ असतो. कणीक एकदा भिजवली की दहा-बारा पोळ्या एकीमागून एक लाटता येतात. भाकरीचे पीठ मात्र दर भाकरीगणिक मळावे लागते, पाणी बेताचे कोमट असावे लागते, पीठ आठवड्यापेक्षा जुने झाले की भाकर थापताना कडेने चिरते, आणि तव्यावर पाणी फिरवून ती उलटण्याचा क्षण चुकला की फुगत नाही. घरात मुलांना पोळी, सासूबाईंना मऊ भात आणि बापाला भाकर असा मेळ घालायचा तर एका वेळच्या जेवणाचे तीन स्वयंपाक होतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत, म्हणजे लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात हे विचारणाऱ्या पाहणीत, घरातील बिनमोबदला कामांत ८१.२ टक्के स्त्रियांनी आणि २६.१ टक्के पुरुषांनी भाग घेतल्याचे आढळले. जे भाग घेतात त्यांतही स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे होता. बापाने पथ्य धरले असे आपण म्हणतो तेव्हा या २९९ मिनिटांत आणखी अर्ध्या तासाची भर पडलेली असते, आणि तिचे श्रेय ज्याचे वजन उतरले त्याला मिळते.

याच्या उलट बाजूने, घराचा रेटाही बापाच्या ताटावर पडत असतो. लहान मुलीने अर्धवट सोडलेला वरणभात, मुलाने न संपवलेला पराठ्याचा तुकडा, कालची उरलेली डाळभाजी, हे सगळे 'अन्न टाकू नये' या संस्काराच्या जोरावर आईच्या किंवा बापाच्या ताटात येते. मोजून घेतलेल्या दोन भाकरींच्या हिशेबात हा भात कुठेच लिहिलेला नसतो. पोळ्याला पुरणपोळी होते आणि दुसऱ्या दिवशी, विदर्भात मुलांसाठी साजऱ्या होणाऱ्या तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन दारोदार आलेल्या पोरांबरोबर घरातला खाऊही पुन्हा बाहेर निघतो. आग्रह ही तर वैदर्भीय घरांची भाषाच आहे. 'घ्या न जी, एकानं काही होत नाही' या वाक्यातील 'जी' इतका आर्जवी असतो की नाही म्हणणारा स्वतःलाच उद्धट वाटू लागतो. आणि वर्ध्यात तर पाहुण्यापुढे गोरस भांडारातला गोरस पाक ठेवला जातो. गाईच्या तुपातले हे खुसखुशीत बिस्किट गोसेवेच्या चळवळीतून आलेले असल्यामुळे त्याला नाही म्हणणे म्हणजे गांधी-विनोबांच्या वर्ध्यालाच नाही म्हणण्यासारखे होते, अशी एक सोयीस्कर समजूत येथे आहे.

नेमका हाच पेच, म्हणजे एका पुरुषाचा आहारसंकल्प आणि त्याच्याभोवतीचे कुटुंब यांच्यातील ओढाताण, गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत ज्या मोकळेपणाने नोंदवला आहे तसा तो भारतीय चरित्रवाङ्मयात क्वचितच सापडतो. १९०२ च्या सुमारास मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला, त्यातच न्यूमोनियाची लक्षणे दिसू लागली, आणि पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचे सूप देण्याचा सल्ला दिला. गांधीजींनी तो नाकारला, कूने नावाच्या जर्मन उपचारकाच्या पद्धतीने कटिस्नान दिले, पाणी घातलेल्या संत्र्याच्या रसावर मुलाला ठेवले, आणि ताप १०४ अंशांवर गेला तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळले. मुलगा वाचला. तो ईश्वरकृपेने वाचला, जलोपचाराने वाचला की शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. आजच्या वाचकाने मात्र एवढे म्हटलेच पाहिजे की तत्त्व बापाचे होते आणि पणाला मुलाचे शरीर लागले होते. आहाराच्या निष्ठेचा हा प्रकार अनुकरणीय मानता येणार नाही.

पुढे दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात त्यांनी मीठ आणि डाळी सोडण्याची विनवणी केली. कस्तुरबांनी उत्तर दिले ते कोणत्याही घरातले वाटावे असे होते: तुम्हांला कोणी सांगितले तर तुम्हीही सोडणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडले. कस्तुरबा कळवळल्या, मी सोडते पण तुम्ही व्रत मागे घ्या म्हणाल्या, आणि ते मागे घेतले गेले नाही. आत्मकथेत या प्रसंगाला घरातला सत्याग्रह म्हटले आहे. हेच व्रत कस्तुरबांच्या बाजूने पाहिले तर आपल्या एका वाक्याची केवढी किंमत वसूल झाली, असे त्यांना वाटले असणार.

तथापि या संसारात बाजी नेहमीच एका बाजूला नव्हती. १९१८ च्या ऑगस्टमध्ये, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करून थकलेले गांधीजी शेंगदाण्याच्या लोण्यावर आणि लिंबांवर राहत होते; दाण्याचे लोणी जास्त झाले तर अपाय होतो हे ठाऊक असूनही ते खाल्ले गेले आणि त्यांना सौम्य आमांश झाला. तेवढ्यात कसलासा सण आला. दुपारी काही घेणार नाही असे त्यांनी सांगितले होते. पण कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी केली होती, सोबत वाटीभर मूग होते, आणि 'थोडेसेच, तिच्या समाधानासाठी' म्हणून घेतलेला घास पोटभर जेवणात संपला. तासाभरात आमांश असा उफाळला की पुढचे आजारपण महिनोन्‌महिने चालले. सणाचा दिवस, पत्नीचा आग्रह, चव पाहण्यापुरते म्हणून वाढून घेतलेले ताट, यांतले एकही पात्र बदलायला नको. सावंगीतल्या कोणत्याही घरात पोळ्याच्या दुपारी हाच प्रवेश होत असतो. १९१२ साली दूध न घेण्याचे व्रत घेतलेल्या गांधीजींना या आजारानंतर आणि मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर दलाल दूध घेण्याचा आग्रह करू लागले, गाय-म्हशीला पान्हा फुटावा म्हणून केल्या जाणाऱ्या क्रूर प्रकारामुळे आपण दूध सोडले असे त्यांनी सांगितले, आणि खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी, अशी वाट काढली. लापशीही त्यांचीच आणि शेळीही त्यांनीच सुचवलेली. बापाचे पथ्य मोडणारी आणि त्याला जगवणारी व्यक्ती घरात एकच असते, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कोठे पाहावयास मिळत नाही.

यावर गांधीजींनी जो उपाय काढला तो वर्ध्यात पूर्णत्वास गेला. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी दिवसाला पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे आणि अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले होते. तेव्हा निमित्त आरोग्याइतकेच यजमानांच्या धावपळीचे होते, कारण त्यांच्यासाठी पंधरावीस जिन्नस मांडणाऱ्या घरांतील बायकांचे हाल त्यांच्या ध्यानात आले होते. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनी त्याला आपली बाग दिली, मगनलाल गांधींच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले, आणि जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहू लागले. १९३५ साली गांधीजी तेथे राहावयास आले आणि त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघराचा कारभार स्वतःकडे घेतला. काय शिजेल, किती शिजेल, कोणाच्या ताटात किती पडेल, हे तेच पाहत. प्रश्न पत्नीच्या आग्रहाचा उरला नाही, कारण वाढणारा हात आता त्यांचाच होता.

मगनवाडीतील ताट जवळून पाहण्यासारखे आहे. त्यात हातसडीचा तांदूळ असे. हातसडीचा म्हणजे उखळात कांडलेला, ज्याच्यावरचा तांबूस कोंडा शाबूत आहे असा. गिरणीच्या पांढऱ्या तांदळात हा थर निघून जातो आणि त्याच्याबरोबर 'ब१' हे जीवनसत्त्वही जाते, ज्याच्या अभावी बेरीबेरी नावाचा नसांचा व हृदयाचा रोग होतो. पांढऱ्या तांदळाचा या रोगाशी असलेला संबंध जावा बेटावर आइकमान या डच वैद्याने कोंबड्यांवरून ताडला होता. तेल घाणीचे, गूळ साखरेच्या जागी, पीठ जात्यावरचे. इथपर्यंत पंगत खूष असावी. पण सोबत कडुनिंबाच्या पाल्याची चटणी असे, चिंच असे, लसूण असे, आणि काही काळ तर तेल काढून उरलेली पेंडही असे, जी एरवी गुरांपुढे टाकली जाते. कुमारप्पांच्या ताटात कडुनिंबाचा गोळा पडला तेव्हा शेजारी बसलेल्या सरदार पटेलांनी, बापू आधी शेळीच्या दुधावर आले आणि आता शेळीच्या चाऱ्यावर आले, अशा अर्थाचा शेरा मारल्याची हकिकत कुमारप्पांनी सांगितली आहे. १९३५ सालीच तेथे सोयाबीनचा प्रयोग झाला. डाळीपेक्षा दुप्पट प्रथिने, म्हणजे शरीर बांधणारा अन्नघटक, देणारे हे तेव्हाचे अपरिचित कडधान्य शिजवून आश्रमवासीयांना वाढले जाई, त्यांची वजने पाहिली जात आणि 'हरिजन' पत्रात त्यावर लिहिले जाई. घाणीशेजारी बसून पेंडीत किती पोषण उरले आहे याचा हिशेब करणारा राष्ट्रनेता ही कल्पना अनेकांना तेव्हा विक्षिप्त वाटली. तिच्यामागचा विचार मात्र पक्का होता: गावातील गरिबाला परवडेल असे पूर्ण अन्न गावातच शोधायचे, आणि ते त्याला सांगण्यापूर्वी स्वतः खाऊन पाहायचे.

एप्रिल १९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे १९४० पासून ज्याला सेवाग्राम म्हणतात त्या गावी, राहावयास गेले. तेथील पंगत दिवसेंदिवस वाढत गेली. रोगी, विद्वान, हट्टी, उपासतापास करणारे असे सगळे तीत होते, आणि कोणाला किती ताक, कोणाला किती भाजी हे बापू आपल्या हाताने ठरवत. अन्नाचा असा बाप मिळणे सुखाचे होते की जाचाचे, याची उत्तरे त्या पंगतीतल्या प्रत्येकाची वेगळी असतील. एक मात्र मान्य केले पाहिजे: त्यांनी स्वतःसाठी वेगळे शिजवून घेऊन बाकीच्यांना वेगळे वाढले, असे केले नाही. पथ्याचीच पंगत करून टाकली.

इतके करून त्या शरीराचे काय झाले, हे आकड्यांत उपलब्ध आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने त्यांच्या तपासण्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. १९३९ साली त्यांचे वजन ४६.७ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे देहभारांक १७.१ होता, आजच्या निकषाने ते कमी वजनाचे ठरतात. आणि रक्तदाब? २६ ऑक्टोबर १९३७ रोजी १९४/१३०, १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११०. त्याआधी डिसेंबर १९३५ मध्ये, म्हणजे मगनवाडीतील प्रयोग ऐन भरात असताना, वर्ध्यातच त्यांचा रक्तदाब इतका वाढला होता की दोनेक महिने सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. मोजून खाणाऱ्या, पायी चालणाऱ्या, दारू-तंबाखूला न शिवणाऱ्या माणसाचा हा दाब आहे. आहाराने सगळे काही होते असे सांगणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत. वंश, वय आणि डोक्यावरचा भार या गोष्टी ताटात मोजता येत नाहीत.

१९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, २७ ऑगस्ट ते १८ डिसेंबर या काळात, त्यांनी 'आरोग्याची किल्ली' हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्यासाठी दिवसाचा आहार वजनासह दिला आहे. आजच्या मापांत तो असा होतो: गाईचे दूध सुमारे ९०० ग्रॅम, धान्य १७० ग्रॅम, पालेभाजी ८५ ग्रॅम, इतर भाज्या १४० ग्रॅम, थोडे कच्चे, तूप ४३ ग्रॅम, गूळ किंवा साखर ४३ ग्रॅम, दोन लिंबे, आणि फळे आवडीप्रमाणे व खिशाप्रमाणे. बैठ्या माणसाला डाळी जड पडतात असे त्यांचे मत होते. आजचा आहारतज्ज्ञ या यादीतील धान्याच्या मर्यादेवर टिचकी मारून 'बरोबर' म्हणेल, भाज्या वाढवेल, डाळ परत आणेल आणि तूप-गुळावर सरळ काट मारेल, कारण दिवसाकाठी वरून घातलेली साखर २५ ते ३० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असा २०२४ च्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेचा आग्रह आहे. गूळ म्हणजे औषध ही समजूत वर्ध्यात विशेष पक्की असल्यामुळे हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते: मधुमेह्याच्या रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील घरे दोन नावांत विभागली गेली. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून, दिवसात दोनच वेळा आणि प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा कार्यक्रम लोकप्रिय केला. त्यामागे दर खाण्याला इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोचवणारे संप्रेरक, स्रवते आणि ते वारंवार स्रवू नये असा विचार आहे. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोडे थोडे, वेळोवेळी, आणि आजीच्या हातचे, घरचे खा असे सांगितले. दोन्हींचे अनुयायी भांडले, विनोद झाले. कौटुंबिक जीवनाच्या दृष्टीने पाहता दीक्षितांच्या पद्धतीला बापवर्गात जे यश लाभले त्याचे एक साधे कारण असे दिसते की तीत वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही; घरात जे शिजते तेच, फक्त घड्याळ लावून. अडचण संध्याकाळी पाचला येते, जेव्हा बायकोबरोबरचा चहा आणि मुलांबरोबरचा चिवडा या दोन्ही गोष्टी पथ्याबाहेर जातात, आणि तो चहा निव्वळ चहा नसतो.

ताटाच्या मागे शेत असते, आणि येथे वर्धा जिल्ह्याने नियतीचा एक चमत्कारिक फेरा पाहिला आहे. खरिपाची ज्वारी या भागात एके काळी घराघरांत पिके आणि वर्षभराची भाकर कणगीत असे. जवसाचे तेल व जवसाची चटणी ही येथली रोजची ओळख होती. रानडुकरे आणि पाखरे यांचा उपद्रव, मजुरी, मिळणारा भाव आणि कडबा खाणाऱ्या जनावरांची घटलेली संख्या, अशा कारणांनी ज्वारी शेतातून हटली आणि कपाशी-तुरीच्या जोडीला सोयाबीन आले. मगनवाडीत नव्वद वर्षांपूर्वी मूठमूठ शिजवून पाहिलेले ते पीक आज सावंगीच्या शिवाराबाहेर पडताच दोहों बाजूंना दिसते. पण ते ताटात येत नाही. मळणी झाली की दाणा बाजार समितीत जातो, तेथून तेलाच्या कारखान्यात; सुमारे पाचवा हिस्सा निघणारे तेल रिफाइंड होऊन पिशवीतून त्याच गावाच्या किराणा दुकानात परत येते, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड, जी गांधीजींनी माणसाच्या पानात वाढून सरदारांची थट्टा ओढवून घेतली, ती कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी निर्यातीत जाते. थोडक्यात, पिकवणारा बाप तेल विकत घेतो, प्रथिने विकून टाकतो, आणि डॉक्टर त्याला तेल कमी व प्रथिने जास्त असा तक्ता लिहून देतात. शेतातले हे गणित फक्त वर्ध्याचे नाही: २०२२-२३ च्या राष्ट्रीय कुटुंबखर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई खर्चाचे ४.९१ टक्के धान्यावर आणि ९.६२ टक्के पेये, तयार व पाकीटबंद पदार्थ यांवर होतात. पंगत आता चुलीवरून उठून पाकिटाभोवती बसू लागली आहे, आणि लहान मुलांच्या पसंतीने घरात आलेल्या पाकिटातले शेवटचे चार तुकडे कोण संपवतो हे वर सांगितलेच आहे.

सावंगीच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे ते विनोबा पोटाच्या जुन्या व्रणामुळे पुढच्या आयुष्यात मोजके दूध-दही घेऊन राहिले. पण ते ब्रह्मचारी होते, त्यांच्या ताटाकडे पाहून रुसणारे मूल नव्हते. त्यांचा नव्हे, तर कस्तुरबांशी वाद घालणाऱ्या, लापशीला भुलणाऱ्या आणि शेवटी स्वतः पळी हातात घेणाऱ्या गांधीजींचाच अनुभव गृहस्थाला उपयोगी पडणारा आहे. त्यातील हुकूमशाही वगळावी, पळी ठेवावी. आहारतक्ता समजावून सांगताना डॉक्टरांनी बापाला 'घरी स्वयंपाक कोण करते' असे विचारून त्या व्यक्तीला आत बोलावणे हा सध्याचा प्रघात चांगलाच आहे, परंतु त्यापुढे जाऊन 'तुम्हांला भाकर थापता येते का' असे बापालाही विचारावयास हरकत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा वर्धा जिल्ह्यातील सोयाबीनची मळणी बहुतेक उरकलेली असेल, बाजार समित्यांच्या आवारात त्याचे ढीग लागलेले असतील आणि पिशवीतल्या सोयाबीन तेलात घरोघर चकल्या पडत असतील. पोते विकण्याआधी त्यातले दोन किलो घरी काढून ठेवावे, रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्ये चांगले मऊ होईपर्यंत शिजवून, वर कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि लिंबू घालून सगळ्यांच्याच ताटात वाढावे. कच्चे किंवा अर्धकच्चे खाऊ नये, कारण त्यातील एक घटक प्रथिनांचे पचन अडवतो आणि तो शिजल्यावरच निकामी होतो. कुकर लावण्याचे काम मात्र ज्याच्या नावाचा तक्ता फ्रिजवर आहे त्याने करावे.